शून्यावर थांबणारी वजाबाकी

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. खोलीतल्या आठ जणांत वयाने ती सर्वांत मोठी होती आणि कामाला सर्वांत नवी. आईच्या आजारपणात नोकरी सोडली त्याला आठ वर्षं झाली होती. आई गेल्यावर तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली, तेव्हा सव्विसाव्या अर्जाला उत्तर आलं. तीन महिने उमेदवारी, मग निकाल. निकालाचा दिवस येता शुक्रवार. त्या दिवशी तिच्या फॉर्मवर ‘कायम’ लिहिलं जाणार होतं, नाहीतर सत्ताविसावा अर्ज.

काम कंपायलरचं होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळत नाही. तिला कळतात ते फक्त आकड्यांतले हुकूम. दोघांच्या मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. ही कंपनी कानाच्या मशीनसाठी चिप बनवणाऱ्यांना स्वतःची छोटी भाषा आणि तिचा कंपायलर पुरवत असे. भाषेत काही फंक्शन अंगभूत असत. म्हणजे ती कुणी त्या भाषेत लिहिलेली नसत. नाव दिसलं की कंपायलरने थेट चिपचा नेमका एक हुकूम काढून द्यायचा. अशी चाळीस फंक्शन आधीपासून होती. एकेचाळिसावं ताईकडे आलं होतं: शून्यावर थांबणारी वजाबाकी.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण चिपच्या छोट्या खान्यात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावतात, उणे नावाचा प्रकार नसतो. तिथे पाचातून आठ वजा केले, तर साधी वजाबाकी उलटी फिरून दोनशे त्रेपन्न सांगते. गाडीचा मीटर शून्याच्या मागे रेटला तर नव्याण्णव हजार दाखवेल, तसं. कानाच्या मशीनमध्ये आवाजाच्या पातळीतून गोंगाटाची पातळी सतत वजा होत असते. तिथे उणे तीनच्या जागी दोनशे त्रेपन्न आले की म्हाताऱ्या माणसाच्या कानात फटाका फुटतो. म्हणून पाचातून आठ गेले की उत्तर शून्यच यायला हवं. आजवर त्यासाठी तीन हुकूम लागत. नव्या चिपमध्ये एकाच हुकमात ते होत होतं, आणि बॅटरी अकरा तासांऐवजी एकोणीस तास चालणार होती.

ताईने चिपची पुस्तिका दोनदा वाचली, फंक्शन लिहिलं आणि त्याच्या परीक्षा लिहिल्या: आठातून पाच, तीन यायला हवेत; पाचातून आठ, शून्य. अशा सत्तावन्न ओळी. खोलीत एक जुनी रीत होती. नव्या माणसाच्या पहिल्या फंक्शनला बाकीच्या प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यातून एकेक परीक्षा जोडायची. तिला ‘हातभार’ म्हणत. सात हातभार आले. चौसष्ट परीक्षा, चौसष्ट हिरवे दिवे.

“ताई, पार्टी!” शेजारच्या टेबलावरचा लंबू म्हणाला. हा सहा फूट तीन इंच, आणि खुर्चीत बसल्यावर त्याचे गुडघे टेबलाला लागत.

“फॉर्म हातात पडू दे आधी.”

“पडणारच. चौसष्टपैकी चौसष्ट मलाही नव्हते पडले.”

खोलीच्या प्रमुखांना माघारी पूर्णविराम म्हणत. चर्चा कितीही लांबो, ते एक शब्द बोलत आणि ती संपे. त्यांनी ताईच्या स्क्रीनवर नजर टाकली, म्हणाले, “ठीक,” आणि गेले. ध्वनी तपासायची काचेची खोली शुक्रवारी सकाळी मिळणार होती. तोवर नमुन्याचं एक मशीन घरच्या माणसाच्या कानात घालून बघायची परवानगी होती. मंगळवारी संध्याकाळी ताईने नवा प्रोग्रॅम भरलेलं मशीन खिशात घालून घरी नेलं.

घरचं माणूस म्हणजे अप्पा, तिचे वडील. पत्रा दाबायच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर. हातांची दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाले, पण कान तिथेच ठेवून आले. त्यांच्या कानात मशीन बसवून झाल्यावर नवरा समोर उभा राहिला. तो गाडी चालवायला शिकवत असे. सूचना मोठ्याने आणि सुट्या-सुट्या द्यायची त्याला सवय होती.

“अप्पा! चहा घेणार?”

“घेईन की. साखर कमी.”

“गोळी घेतलीत?”

“दुपारीच घेतली.”

“जावई कसा आहे?”

“बरा आहे. बडबडतो फार.”

नवरा खूश झाला. “अगं, पास! तुझ्या मशीनला लायसन्स देऊन टाकतो.”

“अप्पा, नीट ऐकू येतंय ना?” ताईने विचारलं.

“खणखणीत,” अप्पा म्हणाले.

त्या रात्री ताई गाढ झोपली.

बुधवारी ती ऑफिसातून पाचलाच आली. अप्पा कानात मशीन घालून स्वयंपाकघरात टेबलापाशी मटार सोलत बसले होते. ताई सिंककडे तोंड करून भांडी विसळायला लागली. खिडकीतून एक गांधीलमाशी आत आली.

“अप्पा, जरा ती खिडकी लावता?”

उत्तर नाही. तिने नळ बंद केला.

“अप्पा, खिडकी.”

मागे मटार भांड्यात पडल्याचा टपटप आवाज तेवढा येत होता. तिने वळून पाहिलं. अप्पांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, “झालंच माझं. दोनच मुठी राहिल्यात.”

ताई पुन्हा सिंककडे वळली. आवाज न चढवता, रोजच्या सुरात ती म्हणाली, “अप्पा, घराला आग लागली आहे.”

टप. टप. टप.

ताईने हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

“अप्पा, खरं सांगा. काय ऐकू येतं?”

“खणखणीत. म्हटलं ना काल.”

तिने तळहात स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि तेच पुन्हा विचारलं. अप्पा तिच्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“धरलंस म्हणायचं.”

“ओठ वाचत होता तुम्ही?”

“चाळीस वर्षं दुसरं काय केलं? कारखान्यात प्रेस चालू असताना देव जरी बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. तिसऱ्या मशीनवरचा चावट विनोद इकडे कळायचा आम्हाला. आणि तुझा नवरा तर पाटीवर लिहिल्यासारखा बोलतो. चहा, गोळी, जावई. रोजचंच. त्याने तोंड उघडायच्या आधी उत्तर तयार असतं माझं.”

“मग मशीनचं काय?”

“उलट्या डोक्याचं आहे ते. तू बोललीस की मुकं होतं. तू गप्प बसलीस की सूं सूं करतं. रात्री तर कानात पंखा लावल्यासारखं वाटत होतं. काढून उशाशी ठेवलं, तेव्हा डोळा लागला.”

“आणि मला म्हणालात खणखणीत?”

“शुक्रवारी निकाल आहे ना तुझा?” अप्पा मटाराच्या सालांकडे बघत म्हणाले. “आठ वर्षं आमच्या दुखण्यात गेली तुझी. आता माझ्या कानापायी नोकरीही घालवू? मी तर म्हटलं, कायम झालीस की सांगेन हळूच.”

ताईला रागवावंसं वाटत होतं आणि जमत नव्हतं. तिने त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलली.

मशीन उलटं वागत होतं, त्याचं कारण तिला तिथल्या तिथे कळलं. आवाजातून गोंगाट वजा व्हायला हवा होता. गोंगाटातून आवाज वजा होत होता. कुणी बोललं की उत्तर शून्य, म्हणजे मशीन मुकं. कुणी बोलत नसलं की गोंगाट शिल्लक, म्हणजे सूं सूं. तिने पिशवीतून चिपची पुस्तिका काढली. हुकमाच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: आधी काय वजा करायचं ते, मग कशातून ते. बाकी सगळ्या चिपमध्ये हा क्रम उलट असतो. तिने सवयीने तोच धरला होता.

चूक कळली. पण मग चौसष्ट परीक्षा हिरव्या कशा? आठातून पाच, उत्तर तीन, असं पहिल्याच ओळीत होतं. उलट्या फंक्शनने तिथे शून्य द्यायला हवं होतं. चौसष्ट ओळींत एक तरी ओरडायला हवी होती. एवढ्यात नवरा आला, त्याने अप्पांसमोर उभं राहून विचारलं, “चहा घेणार?” आणि अप्पा लगेच म्हणाले, “घेईन की.”

ताई दोघांकडे बघत राहिली. अप्पांना उत्तर आधीच माहीत होतं. प्रश्न कानापर्यंत जायची गरजच पडली नव्हती.

“अप्पा,” तिने सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं, “तुम्ही भोक बरोबर पडलंय की नाही कसं तपासायचात?”

“मापाची पिन घालून. दुसरं कसं?”

“नकाशात माप बरोबर असलं तर?”

“नकाशात माझं लग्नसुद्धा वेळेवर लागलं होतं,” अप्पा म्हणाले. “पिन घालावी लागते, पोरी.”

गुरुवारी साडेसातला ताई ऑफिसात होती. सफाईवाल्या बाईंनी नुकती फरशी पुसलेली. ओल्या फरशीवरून चवड्यांवर चालत ती टेबलापाशी गेली. तिने परीक्षांच्या फाइलचं भाषांतर उघडलं, म्हणजे कंपायलरने त्या चौसष्ट ओळींतून चिपसाठी काढलेले हुकूम. आजवर ते उघडून बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. दिवे हिरवे असताना कोण बघतं?

चौसष्ट ओळींत वजाबाकीचा एकही हुकूम नव्हता.

कंपायलर आळशी नसतो, उलट अतिशहाणा असतो. ‘आठातून पाच’ असं लिहिलेलं दिसलं की दोन्ही आकडे आपल्याला माहीत आहेत, मग चिपला कशाला तसदी द्या, असं म्हणून तो स्वतःच हिशेब करतो आणि नुसतं उत्तर लिहून मोकळा होतो. एरवी हा गुणच. पण परीक्षेत त्याने स्वतःच प्रश्न सोडवला, स्वतःच उत्तर तपासलं आणि स्वतःच शाबासकी दिली. चिपपर्यंत प्रश्न गेलाच नव्हता.

तिने आकडे प्रोग्रॅममध्ये न लिहिता बाहेरून, चिप चालू असताना भरले, म्हणजे कंपायलरला आधी कळायचा मार्गच राहिला नाही. पहिलीच परीक्षा लाल. तिने फंक्शनमधली एक ओळ बदलली, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी केलं. हिरवी. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. तिचं काम झालं होतं, खोलीत कुणी नव्हतं, आणि काल काय बिघडलं होतं हे अप्पांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मग तिने बाकीच्या चाळीस फंक्शनच्या परीक्षांची भाषांतरं उघडली. एकामागून एक. कुठेच हुकूम नव्हता. सगळीकडे नुसती उत्तरं. पहिल्या माणसाने परीक्षा अशा लिहिल्या, दुसऱ्याने त्या बघून लिहिल्या, आणि सहा वर्षं सगळे एकमेकांना हातभार लावत आले.

लंबू आला, तो स्क्रीन बघून उभाच राहिला.

“हे काय बघताय?”

तिने सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. स्वतःच्या दोन फंक्शनची भाषांतरं त्याने तिच्या खांद्यावरून वाचली.

“तुमचं दुरुस्त झालं ना?”

“झालं.”

“मग ताई, ऐका माझं. उद्या निकाल आहे. सोमवारी सांगा. एकदा कायम झालं की माणूस खरं बोलायला मोकळा.”

“आणि उद्या काचेच्या खोलीत माझं पास झालं की सगळा कंपायलर गिऱ्हाइकाकडे जाणार. चाळीसच्या चाळीस.”

“सहा वर्षं जातायतच ना तशी? काही झालं?”

“काही झालेलं आपल्यापर्यंत आलं नाही.”

“तुम्ही उमेदवार आहात. तीन महिन्यांच्या. आणि जाऊन त्यांना सांगणार, की तुमच्या सगळ्या परीक्षा पोकळ आहेत? पहिल्या परीक्षा कुणी लिहिल्यात माहितीये? पूर्णविरामांनी.”

फॉर्म ताईच्या डोळ्यांसमोर होता. त्यावरची रिकामी चौकटसुद्धा. पण काल संध्याकाळचं ‘खणखणीत’ तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ते प्रेमापोटी होतं, आणि त्या प्रेमाने तिला जवळजवळ बुडवलं होतं.

“आमच्या घरात या आठवड्याला एक खोटं बोलून झालंय,” ती म्हणाली. “कोटा संपला.”

पूर्णविराम आपल्या टेबलाशी कोट खुर्चीवर अडकवत होते.

“सर, माझं फंक्शन उलटं होतं. दुरुस्त केलंय.”

“ठीक.”

“एवढंच नाही. ते परीक्षेत सापडलं नाही, माझ्या वडिलांच्या कानात सापडलं. कारण आपली एकही परीक्षा चिपवर धावत नाही.”

“अशक्य,” पूर्णविराम म्हणाले. एरवी चर्चा इथे संपली असती. ताईने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी पहिलं भाषांतर वाचलं. मग दुसरं. अकराव्यापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. खोलीतले बाकीचे एकेक करून आले आणि आपापल्या खुर्च्यांत गप्प बसले. लंबूने सगळ्यांना खुणेने सांगितलं होतं.

“दुरुस्तीला किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“आकडे बाहेरून भरायचे म्हटलं तर महिना. पण मला वाटतं, आणखी एक अंगभूत फंक्शन लिहावं. बेचाळिसावं.”

“काय करणार ते?”

“काही नाही. आकडा घ्यायचा आणि तोच परत द्यायचा. फक्त कंपायलरला बजावून ठेवायचं, की याच्या पलीकडे डोकवायचं नाही. परीक्षेतला प्रत्येक आकडा त्याच्यातून दिला की कंपायलरला तो माहीत नसल्यासारखं वागावं लागेल. मग हुकूम काढण्यावाचून गत्यंतर नाही.”

“नाव?”

ताईला तोंडासमोर धरलेला तळहात आठवला. “पडदा,” ती म्हणाली.

“लिहा,” पूर्णविराम म्हणाले.

दुपारी दोनला पडदा तयार झाला. काहीच न करणारं फंक्शन लिहायला पाच तास लागले, आणि लंबूने त्यावर दिवसभर पुरतील एवढे विनोद केले. त्यातला ‘आपल्या मॅनेजमेंटचं फंक्शन’ हा पूर्णविरामांनीही ऐकला, आणि ऐकला नाही असं दाखवलं. जुन्या परीक्षांत पडदा घालायचं काम आठही जणांनी वाटून घेतलं. पाचच्या सुमारास सगळ्या परीक्षा एकत्र सोडल्या. दिवे एकेक करून लागत गेले. एकेचाळीस फंक्शनपैकी अडतीस हिरवी. तीन लाल.

दोन लंबूची होती. त्याने कपाळावर हात मारला. तिसरं, चिपच्या मोठ्या, बत्तीस घरांच्या खान्यात आकड्याच्या डावीकडे किती शून्यं आहेत ते मोजणारं, सहा वर्षांपूर्वीचं. आकडा स्वतःच शून्य असला तर कंपायलर एकतीस म्हणत होता आणि चिप बत्तीस.

ते कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझं आहे,” पूर्णविराम म्हणाले. मग, जणू एवढ्याने भागणार नाही असं वाटून, ते तीन महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य बोलले: “त्या वेळी मी दिवे बघितले आणि घरी गेलो, आणि मला वाटतं आम्ही सगळेच गेलो.”

शुक्रवारी काचेच्या खोलीत वजाबाकी पास झाली. बाकी कंपायलर आठवडाभर थांबवायचा ठरला. वरच्या मजल्यावरून दोनदा फोन आला. “उशीर का, म्हणताहेत,” पूर्णविरामांनी ताईला विचारलं. “काय सांगू?”

“गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला सापडलं म्हणून.”

त्यांनी फोनवर शब्दशः तेच सांगितलं. मग खणातून फॉर्म काढला आणि तिच्यासमोरच भरला. ‘उमेदवाराच्या चुका’ अशी एक चौकट होती. तिथे त्यांनी लिहिलं: तिची एक, आमच्या तीन. खालच्या चौकटीत एकच शब्द लिहिला आणि सही केली. ताईने तो शब्द उलटा वाचला, टेबलाच्या पलीकडून. खातरी करायला तिने मान तिरकी करून पुन्हा वाचला.

“सोमवारी नऊला,” पूर्णविराम म्हणाले. “माझ्या त्या फंक्शनला हातभार लावा.”

घरी पोचल्यावर तिने कुणालाच काही सांगितलं नाही. नवा प्रोग्रॅम भरलेलं मशीन अप्पांच्या कानात बसवलं आणि त्यांना टेबलापाशी, भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“ही काय शिक्षा?” अप्पा म्हणाले.

ताई त्यांच्या मागे, दारापाशी जाऊन उभी राहिली. चहा नाही, गोळी नाही, जावई नाही. रोजच्या सुरात, कुजबुजीपेक्षा जेमतेम वर, तिने विचारलं, “अप्पा, उद्या घरात हत्ती आणायचा का?”

अप्पांची मान ताठ झाली. भिंतीकडेच बघत ते म्हणाले, “आण. पण तुझ्या नवऱ्याची गाडी बाहेर लावावी लागेल.”

“झालं,” दारात चपला काढता काढता नवरा पुटपुटला. “आता या घरात जपून बोलावं लागणार.”

“ऐकलं,” अप्पा म्हणाले.

ताई हसली, मग तिला हसू आवरेना, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. अप्पा अजून वळले नव्हते. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“थांब, तसंच बोल आणखी काहीतरी. मी बघत नसताना.”

“मी कायम झाले, अप्पा.”

ते वळले तेव्हा त्यांचं लक्ष तिच्या ओठांकडे नव्हतं.